अकरा चिलाप्या

सन १९७६. वर्ष मला पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी जया आणि मी दोघीही दहावीत होतो, आणि त्याच भाद्रपदात राजमती आक्कांनी सांगितलं की बेळगावला आपल्या घरी त्यांना एकच मुलगी ठेवून घेता येईल. त्या 'दोघी' म्हणाल्या असत्या तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

आमचं गाव सदलग्याच्या अलीकडं, दूधगंगेपासून दोन मैलांवर. वरच्या अंगाला जैनांची बस्ती, म्हणजे त्यांचं देऊळ, आणि बस्तीमागं तळं. त्या तळ्याला काठ दोन आणि कायदेही दोन. पायऱ्यांच्या काठावरून कुणी मासा धरायचा नाही. समोरच्या बांधावरून आम्ही बौद्ध वाड्यातली माणसं गळ टाकायचो. भुजबली अण्णांच्या आजोबांनी ही वाटणी घालून दिली होती म्हणे. अष्टमीला, चतुर्दशीला आणि भाद्रपदातल्या जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस बांधावरही गळ बंद. मोठ्या मरळ माशांना हे ठाऊक असावं, ते कायम पायऱ्यांकडंच असत.

माझा बाप भरमा. मी त्याला आप्पा म्हणे. दिवसभर भुजबली अण्णांच्या तंबाखूत राबायचा आणि कलत्या उन्हात बांधावर येऊन बसायचा. बांबूची काठी, मोराच्या पिसाच्या देठाचं तरंगतं, आणि नारळाच्या करवंटीत ओल्या मातीतली गांडुळं. पाण्यावर मरळीच्या तांबड्या पिल्लांचा घोळका दिसला की आप्पा काठी उचलून घ्यायचा. खाली त्यांची आई राखण करत असते. "बाळंतीण हाय. तिला सोडायची," एवढंच म्हणायचा. वीतभराच्या आतला मासाही पाण्यात परत जायचा.

एका माशाला मात्र त्याच्याकडं माफी नव्हती. गावाबाहेर चिकोडीच्या वाटेवर दगडाची जुनी खण होती, पाण्यानं भरलेली. कुणा कंत्राटदारानं कुठून तरी चिलापीची पिल्लं आणून तिच्यात सोडली होती. आप्पा कधीमधी तिथंही गळ टाकायचा. धरलेली प्रत्येक चिलापी तिथंच दगडावर आपटायचा, बोटाएवढी असली तरी. जिवंत चिलापी त्यानं खणीबाहेर कधी आणली नाही. एकदा मी विचारलं तेव्हा त्यानं एका चिलापीचं तोंड दाबून दाखवलं. आतून जिरेसाळीच्या तांदळाएवढी पिल्लं भसाभस बाहेर पडली.

"बघितलास? ही तोंडात पिल्ली वागिवती. एक आणलीस तर शंभर आणलीस. आपली जपती आन् दुसऱ्याची खाती. तळ्यात गेली तर मरळ संपली म्हणून समज."

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवते, नंतर कुणी माझ्या वयाची सबब सांगायला नको.

राजमती आक्का म्हणजे भुजबली अण्णांची मोठी बहीण. लग्न केलं नव्हतं. बेळगावात मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि शहापुरात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. दर पर्वाला दहा दिवस गावी यायच्या. पांढरं लुगडं, हातात पुस्तक, आणि आमच्या वाड्यात येऊन उंबऱ्यावर बसायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. आम्हा पोरींची गणितं तपासायच्या. आप्पाशी त्यांचा वाद ठरलेला असायचा, आणि दोघांनाही त्यात गोडी होती.

"भरमा, रविवारी विहारात पंचशील म्हणतोस ना?"

"म्हणतोय की आक्का."

"पहिलं शील काय?"

"जीव मारायचा न्हाय."

"मग?"

"रविवारी न्हाय मारत, आक्का."

आक्का तोंडाला पदर लावून हसायच्या. मग पुन्हा गंभीर. "खाण्यासाठी मारतोस ते एक वेळ समजते रे. पण ती खणीतली चिलापी नुसतीच मारून टाकतोस म्हणे. पकडली तर सोडून द्यावी. जीव तो जीव, त्याला तुझं गाव कुठलं असं विचारू नये."

"पाव्हणा आला तर बसवावं की, आक्का. पर त्यो घरधन्यालाच भाईर काढाय लागला तर?"

"मासे माझ्या डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात बाबा."

"तेच तर दुखणं हाय," आप्पा म्हणायचा.

जया माझी चुलत बहीण, गुंडूकाकाची मुलगी. माझ्याहून दीड महिन्यानं लहान. आम्ही एका बाकावर बसायचो, एका दिव्याखाली अभ्यास करायचो. तिचं अक्षर मोत्यासारखं आणि आवाज असा की वंदना म्हणू लागली की म्हाताऱ्या बाया डोळे मिटून घेत. माझे गणितात तिच्यापेक्षा वीस-वीस मार्क जास्त, पण गणित कुणी डोळे मिटून ऐकत नाही. आक्का आल्या की तिचा हात हातात घेऊन बसत. "जयाचा हात किती मऊ आहे," म्हणत. माझ्या हाताला मासळीचा वास असायचा. मी तो राखेनं घासायची, लिंबाच्या सालीनं घासायची. जात नसे.

त्या वर्षी पर्वाच्या आदल्या दिवशी मी बांधावर गळ टाकून बसले होते. जया शेजारी पुस्तक घेऊन. बऱ्याच वेळानं एक मरळ लागली, चांगली हातभर. मी ती ओढून काठावर घेतली तेवढ्यात आक्का बांधावरून येताना दिसल्या. मरळ तडफडत होती. जयाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला न विचारता मासा उचलला, गळ सोडवला आणि पाण्यात सोडून दिला.

आक्कांनी तिला जवळ ओढलं. "हिच्या मनात दया आहे," म्हणाल्या.

मासा माझा होता. गळ माझा, गांडूळ माझं, तीन तासांचं ऊन माझ्या डोक्यावरचं. दया तेवढी तिची झाली.

आणि त्याच संध्याकाळी आमच्या उंबऱ्यावर बसून आक्का म्हणाल्या, "पुढच्या जूनमध्ये मी एका मुलीला घेऊन जाईन. माझ्याकडं राहील, शिक्षिकेचं ट्रेनिंग करील. जागा एकीचीच आहे. सुला की जया, चतुर्दशीला सांगते. एकच अट, माझ्या घरात मासळी चालायची नाही, बाहेर खाऊनही यायचं नाही."

सगळ्यांनी जयाकडं बघितलं. माझी आई, तानीबाई, तिनंसुद्धा. आई हळूच म्हणाली, "आमची सुली बिनमाशाची आठ दिस ऱ्हायची न्हाय." सगळे हसले. जयाही हसली. ते हसणं मला आजही ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर त्यात वाईट काही नव्हतं.

मला न्यायला कुणी आलं नाही तर पुढं काय, हे मला दिसत होतं. तंबाखूचा मळा, नाहीतर निपाणीला विड्या वळणं. जयाचंही तेच झालं असतं. पण तेव्हा मला जयाचं काय होईल हा प्रश्न पडलाच नाही. ती आक्कांच्या खोलीत खिडकीशी बसून वाचते आहे आणि मी तंबाखूची पानं खुडते आहे, एवढंच चित्र दहा दिवस डोळ्यांपुढं होतं.

आक्कांचा एक नेम होता. त्यांच्या आईपासून चालत आलेला. पर्वाच्या शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, सदलग्याच्या बाजारातून जिवंत मासे सोडवून आणायचे आणि बस्तीच्या तळ्यात सोडायचे. मरळ ओल्या फडक्यात दिवसभर तग धरते, म्हणून बहुतेक मरळीच असत. त्या वर्षी मासे आणायला त्यांनी जयाला बरोबर न्यायचं ठरवलं. मला बोलावलं नाही.

मी ठरवलं, आपण आक्कांपेक्षा जास्त मासे सोडायचे. आप्पा त्या दिवसांत अण्णांच्या तंबाखूच्या कामानं निपाणीला होता. नदीला पूर, ओढा गढूळ. एका सकाळीत पुष्कळ मासे मिळतील अशी जागा एकच होती.

चतुर्दशीच्या सकाळी मी आप्पाचा एक लहान गळ घेतला. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो, तो माशाचं तोंड फाडतो. मासा धडधाकट दिसायला हवा होता, म्हणून मी तो उलटा काटा दगडावर ठेवून ठेचून सपाट केला. कणकेच्या गोळीला चिलापी लगेच येते, हावरी जात. उन्हं वर यायच्या आत अकरा झाल्या. पत्र्याच्या बादलीत पाणी भरून वर करंजाचा पाला टाकला आणि डोक्यावर घेऊन दीड मैल चालत आले.

तळ्याच्या बांधावर आक्का, भुजबली अण्णा आणि बस्तीतली बरीच माणसं होती. जयाच्या हातात गाडगं, त्यात चार मरळी. मी बादली खाली ठेवली.

"हे काय गं सुला?"

"आक्का, मी पण आणल्यात. अकरा. ओढ्यातलं मासं हायत. गळाचा काटा ठेचून धरल्यात, तोंड बघा, रगत न्हाय."

आक्का वाकून बघू लागल्या. नेमकी तेव्हाच एका मादीनं पाण्यात पिल्लं सोडली. मूठभर धूर पाण्यात पसरावा तशी. मी बादलीला हात लावल्याबरोबर ती सगळी पुन्हा आईच्या तोंडात शिरली.

"अगं बाई," आक्का म्हणाल्या. "लेकरं तोंडात घेतली तिनं. अण्णा, बघितलंस का? आणि अशांना आपण मारतो."

जया माझ्या कानाशी आली. "सुले, ह्या चिलाप्या हायत. खणीतल्या. काका काय म्हणत्यात ठावं हाय न्हवं तुला? सोडू नको."

मी तिच्याकडं बघितलंही नाही. "गप. तुझ्या चारच हायत म्हणून जळती व्हय माझ्यावर?"

तिचं तोंड एवढंसं झालं. मी बादली तळ्यात पालथी केली.

आक्कांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. तोच मासळीच्या वासाचा हात. "मासे धरणारी मुलगी मासे सोडायला लागली, यापेक्षा मोठं काय असणार? सुला येईल माझ्याबरोबर."

निपाणीहून आल्यावर आप्पाला हे सगळं कळलं. "कुठलं मासं सोडलीस?" त्यानं विचारलं. "ओढ्यातलं खवलं मासं," मी म्हणाले. त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आई सांगायची, गावात तो महिनाभर ताठ मानेनं फिरत होता.

जून ७७ मध्ये मी बेळगावला गेले. शहापुरातली ती खिडकी माझी झाली. आक्कांनी मला लेकीसारखं ठेवलं. गावाकडून पत्र आलं की आक्का आधी विचारत, "जया कशी आहे?" इतकं मिळूनही मला तिचं नाव आक्कांच्या तोंडी सोसत नव्हतं.

पुढच्या वर्षी, ७८ च्या मे महिन्यात, सुटीत गावी आले. आक्काही आधीच येऊन राहिल्या होत्या. आप्पा घरात बसून होता. अंगणात पाटीभर चिलाप्या, बोटाबोटाएवढ्या, खायच्याही लायक नाहीत.

"बस्तीच्या तळ्यातल्या हायत," तो म्हणाला. "पाऊसकाळ संपल्यापास्नं दुसरं काय लागंना. ह्या वर्साला मरळीचं एक पिल्लू दिसलं न्हाय. आयाच ऱ्हायल्यात, पिल्ली न्हाईत."

मग त्यानं छपराच्या वाशात खोचलेली काडीपेटी काढली. आत तो गळ होता, वाळकी कणीक अजून चिकटलेली. त्यानं माझ्यापुढं तळहातावर धरला.

"ह्यो काटा कुणी ठेचला?"

मी पाटीतल्या चिलाप्यांवर फडकं टाकू लागले.

"ओढ्यातलं खवलं कणकंला येत न्हाय, आन् त्याला काटा ठेचाय कोण जात न्हाय." त्याचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट होतं. "पाणी आटलंय. आत्ताच तळं उपसलं, मरळी गाडग्यात काढून ठेवल्या आन् चिलापी सगळी मारली, तर तळं वाचतंय. पर आक्का हू म्हणंना. तिच्या मनात, ही ओढ्यातली, हितलीच हाय. उद्या बस्तीपुढं बैठक हाय. तू सांग तिला, कुठनं आणलीस ती. तुझंच ऐकंल ती."

"मला परत पाठवतील, आप्पा. अजून एक वरीस ऱ्हायलंय."

"व्हय," तो म्हणाला. "पाठवतील बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीच्या पायऱ्यांवर भुजबली अण्णा आणि आक्का बसले. खाली वाड्यातली माणसं. आप्पानं उभं राहून आपलं म्हणणं सांगितलं. अण्णा कन्नडमध्ये शेजारच्याशी काही बोलले आणि मग म्हणाले, "भरमा, बस्तीच्या दारात हजारानं जीव मारायचे म्हणजे काय, विचार कर."

"आण्णा, न मारता बी जीव जात्यात. त्यांचं मढं दिसत न्हाय एवढंच."

आक्का म्हणाल्या, "पण ही परकी कशी म्हणतोस तू? लेकरं तोंडात घेणारी तीच ना ही? सुलानं ती ओढ्यातून आणली, मी माझ्या डोळ्यांनी बघितली." त्या माझ्याकडं वळल्या. "सुला, ओढ्यातलीच ना?"

मी तोंड उघडायच्या आत मागून जया उभी राहिली. डोक्याला विड्यांच्या कारखान्यातला तंबाखूचा वास, हाताची बोटं काळी. "न्हाय आक्का. खणीतली हायत. मी तवाच वळखलेली. काकाचं ऐका, मारा ती. न मारून चालायचं न्हाय."

जया हे म्हणत होती. मासा तडफडला की रडणारी. आक्का तिच्याकडं टक लावून बघत राहिल्या, तशाच जशा पूर्वी बघायच्या. मला वाटलं, आता त्या तिला जवळ बोलावतील. आता तिचा हात हातात घेतील.

"आक्का, ओढ्यातलीच होती," मी म्हणाले. "जया पहिल्यापास्नं जळती माझ्यावर. ही जागा तिला पायजे होती."

आप्पाचा हात बंडीच्या खिशात होता. काडीपेटीचा आवाज मला आला. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं हात बाहेर काढला तो मोकळा.

"पोरगी म्हणती तर आसंल," तो म्हणाला.

आक्कांनी निकाल दिला, तळं उपसायचं नाही, एकही मासा मारायचा नाही, आणि हे वाद नकोत म्हणून बांधावरचा गळही कायमचा बंद. जयाला म्हणाल्या, "मत्सर वाईट गं पोरी." जया मान खाली घालून विड्यांच्या पाळीला निघून गेली.

आता कुणाचं काय झालं ते सांगून थांबते.

तळ्यातली शेवटची मरळ ८१ साली दिसली असं लोक म्हणतात. आज तिथं चिलापी आहे आणि हिरवं पाणी आहे. भुजबली अण्णा ८४ साली गेले. गळबंदी त्यांच्या मुलानं उठवली, पण तोवर धरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

राजमती आक्का ८८ साली बेळगावात वारल्या. शेवटची तीन वर्षं मीच त्यांचं सगळं केलं. दर चतुर्दशीला त्या मासे सोडायला लावायच्या आणि त्या मादीची गोष्ट शेजारपाजाऱ्यांना सांगायच्या. मी शेजारी उभी असायची. सांगायचं राहून गेलं असं म्हणण्याची सोय नाही. मी सांगितलं नाही.

मी सांबऱ्याच्या शाळेत लागले, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. ७७ पासून मासा खाल्ला नाही.

जयाचं लग्न येळ्ळुरात झालं. आप्पा मला भेटायला बेळगावला यायचा, तेव्हा आधी येळ्ळूरला जायचा. तिथं एक लहान तळं आहे. दोघं काठावर बसायची, चिलाप्या धरायची आणि एकही परत सोडायची नाहीत. माझ्याकडं तो चहा प्यायचा, माझ्या खोलीकडं कौतुकानं बघायचा आणि शेवटच्या बसनं परत जायचा. त्या दिवसाबद्दल त्यानं कधी एक शब्द काढला नाही. ८९ च्या थंडीत तो गेला. आईनं वाटणी केली, त्यानंच सांगून ठेवली होती तशी. बांबूची काठी आणि पिसाचं तरंगतं जयाला. मला काडीपेटी.

जया अजून आहे. गुडघे गेलेत, पण रविवारी तळ्यावर जाते. मी गेले की कालवण करते, माझ्यासाठी वेगळं वांगं करते, आणि जेवताना सारखी म्हणते, "खा गं सुले, बारीक झालीस." तिनं कधी काही मनात धरलं नाही, किंवा धरलं असलं तर मला दाखवलं नाही. तिच्या दाराआड आप्पाची काठी उभी असते, मुठीपाशी त्याच्या हातानं गुळगुळीत झालेली. ती जेवण वाढायला आत गेली की मी त्या मुठीवर हात ठेवून बघते. साठी कधीच ओलांडली मी. तरी अजून वाटतं, ही माझी होती.